तटाबाहेर गेलेलं मंडाले

१८५७ साली आपल्याकडे उत्तरेत उठाव पेटला होता, तेव्हा ब्रह्मदेशाचा राजा मिंदॉन इरावतीच्या काठी नवी राजधानी मांडत होता. दक्षिणेचा सुपीक मुलूख आणि समुद्रकिनारा इंग्रजांनी पाच वर्षांपूर्वीच घेतला होता. उरलेल्या राज्याला उभारी द्यायची तर नगर नवं हवं, असं त्याच्या मनाने घेतलं. मंडालेच्या टेकडीवर उभं राहून खुद्द बुद्धाने भाकीत केलं होतं म्हणे, की धर्माच्या चोविसाव्या शतकाअखेर या पायथ्याशी मोठं शहर वसेल. ती वर्षं भरत आली होती. जुनी राजधानी अमरापुरा जवळच, दहा-अकरा किलोमीटरवर. तिथला राजवाडा सागवानी होता. मिंदॉनने तो उतरवला, खांब-तुळया हत्तींकरवी वाहून आणल्या आणि इथे पुन्हा उभ्या केल्या.

राजवाडा सोडवून दुसऱ्या गावी नेता येतो, ही कल्पना दगडाच्या किल्ल्यांत वाढलेल्या आपल्यासारख्या माणसांना आधी पटतच नाही. मंडालेला जाऊन आल्यावर मात्र मला त्या शहराचं मर्म तिथेच सापडल्यासारखं वाटतं. तिथलं बहुतेक सगळं कुठून तरी आणलेलं आहे, आणि जे तिथून बाहेर नेलं गेलं तेच पुष्कळदा टिकलं आहे.

मी रत्नागिरीची. आमच्या गावात दोन वास्तू पाहुण्यांना दाखवायच्याच असतात. एक टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर आणि दुसरा थिबा पॅलेस. पहिल्या घरात १८५६ साली जन्मलेला माणूस मंडालेच्या तुरुंगात सहा वर्षं राहिला. दुसऱ्या वाड्यात मंडालेचा शेवटचा राजा कैदेत राहिला आणि वारला. १९०८ ते १९१४ या काळात रत्नागिरीचा सुपुत्र मंडालेच्या किल्ल्यात होता आणि मंडालेचा धनी रत्नागिरीत. दोघांनाही एकाच सरकारने आपापल्या माणसांपासून तोडून समुद्रापार धाडलं होतं. शाळेत ही दोन्ही नावं ऐकली, पण वेगवेगळ्या तासांना. ती एकमेकांशेजारी ठेवून पाहायला मला मंडालेला जावं लागलं.

आम्ही गेलो ते हिवाळ्यात, लष्कराने पुन्हा सत्ता घेण्यापूर्वीच्या दिवसांत. पहाटे अंगावर शाल लागते आणि दुपारी डोकं तापतं, असा तिथला कोरडा हिवाळा. शहर आखीव आहे, रस्त्यांना क्रमांक आहेत, आणि मधोमध किल्ल्याचा प्रचंड चौकोन. एकेक बाजू सुमारे दोन किलोमीटर, तटाला बारा दरवाजे आणि भोवती चौसष्ट मीटर रुंदीचा खंदक. विटांच्या लाल तटावर ठरावीक अंतराने लाकडी मनोरे आहेत, एकावर एक छपरं चढवलेले. सकाळी खंदकाच्या कडेने म्हातारी माणसं व्यायाम करतात आणि गालांना थानाका नावाच्या झाडाच्या सालीचा पिवळसर लेप लावलेल्या मुली सायकलवरून शाळेला जातात. त्या पाण्यात तटाचं प्रतिबिंब इतकं स्थिर पडतं की किल्ला सुंदर वाटू लागतो. टिळकांनी हा तट आतून पाहिला, हे मला स्वतःला पुन्हा पुन्हा सांगावं लागत होतं.

परदेशी माणसाला प्रवेश फक्त पूर्वेच्या दरवाजाने. नाव नोंदवायचं, तिकीट घ्यायचं आणि सरळ मधल्या राजवाड्याकडे चालू लागायचं. डावी-उजवीकडे वळायचं नाही, कारण किल्ल्याच्या आतली बहुतेक जमीन लष्कराच्या ताब्यात आहे. शेवटी जो राजवाडा दिसतो तो नवा, गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात उभारलेला. जुन्याच्या आराखड्यावर बांधला आहे, पण काँक्रीट आणि पत्रा लपत नाही. दालनामागून दालन रिकामं. मूळचा राजवाडा मार्च १९४५ मध्ये जळाला. किल्ल्यात जपानी सैन्य होतं, बाहेर ब्रिटिशांची फौज, आणि त्या फौजेत आपली १९ वी हिंदी डिव्हिजन. तोफा आणि विमानांच्या माऱ्यात सागवान पेटलं आणि मिंदॉनने अमरापुराहून आणलेलं जवळजवळ सगळं राख झालं.

जवळजवळ म्हटलं, कारण दोन गोष्टी वाचल्या. दोन्ही त्याआधीच तटाबाहेर गेल्या होत्या.

एक म्हणजे सिंहासन. राजवाड्यात वेगवेगळ्या दालनांसाठी वेगवेगळी सिंहासनं होती. त्यातलं एक, सिंहांच्या कोरीवकामाचं, इंग्रजांनी १९०२ साली कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये नेऊन ठेवलं. बाकीची जळाली. कलकत्त्याचं तेवढं राहिलं, आणि ब्रह्मदेश स्वतंत्र झाल्यावर १९४८ साली परत गेलं. आज ते यांगूनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. लुटून नेलेल्या वस्तूबद्दल कृतज्ञ व्हावं असं मला मुळीच वाटत नाही. पण इतिहासाच्या या वळणापुढे माणूस गप्प होतो, एवढं खरं.

दुसरी गोष्ट श्वेनान्डॉ मठ. किल्ल्याच्या ईशान्येला, तटापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. हा मुळात राजवाड्याचा महाल. १८७८ साली मिंदॉन याच महालात वारला. गादीवर आलेल्या थिबाला तिथे बापाचा वावर जाणवू लागला, म्हणून त्याने महाल सुटा करून बाहेर हलवला आणि भिक्खूंना दान दिला. राजाच्या त्या भीतीमुळे आज आपल्याला खऱ्या मंडालेचा एक तुकडा पाहता येतो. बाहेरून लाकूड ऊन-पावसाने करडं पडलं आहे. दरवाजे, कठडे, छपरांच्या कडा, कुठेही बोटभर जागा कोरल्यावाचून सोडलेली नाही. आत शिरलं की अंधार, आणि डोळे सरावले की भिंतींवरून आणि खांबांवरून जुनं सोनं हळूहळू वर येतं. जातककथांची कोरीव चित्रं आहेत. मी एका खांबाला हात लावून बराच वेळ उभी राहिले. हा खांब अमरापुराहून इथे, मग महालातून मठात, आणि या सगळ्या हलवाहलवीत आगीतून सुटलेला.

त्याच थिबाला स्वतःला मात्र असं सन्मानाने हलता आलं नाही. नोव्हेंबर १८८५ मध्ये ब्रिटिश आगबोटी इरावतीतून वर आल्या. युद्ध म्हणावं असं दोन आठवडेही चाललं नाही. २९ नोव्हेंबरला राजा, राणी सुपयालात आणि तिची धाकटी बहीण, म्हणजे धाकटी राणी, यांना बैलगाडीत बसवून रस्त्याने नदीपर्यंत नेलं. ज्या राजापुढे प्रजा मान वर करत नसे त्याला लोकांनी असं पाहिलं. वाटेत लोक रडले. आगबोट रंगूनला, तिथून मद्रासला, आणि १८८६ साली रत्नागिरीला. थिबा तेव्हा अवघा सत्तावीस वर्षांचा होता.

चहाच्या दुकानात एका म्हाताऱ्या गृहस्थांशी बोलणं झालं. घराणं मूळचं हिंदुस्थानातलं, पण जन्म मंडालेचा. मोडक्या हिंदीत विचारलं, "कहाँ से, बहनजी?" रत्नागिरी म्हणताच त्यांनी कप खाली ठेवला. आजूबाजूच्या टेबलांवर बर्मी भाषेत काहीतरी सांगितलं, आणि तीन-चार माणसं वळून माझ्याकडे पाहू लागली. एकाने विचारलं, कबर नीट ठेवली आहे का? मी होय म्हटलं. कबरीवर काही लिहिलं आहे का, फुलं कोण ठेवतं, समुद्र तिथून दिसतो का, असे प्रश्न येत राहिले. मी आठवेल तेवढं सांगितलं. वाडा जांभ्याच्या लालसर रंगाचा आहे, उंचावर आहे, खाली भाट्याची खाडी दिसते, मागच्या बाजूला राजाने आणलेली बुद्धाची मूर्ती आहे. वाडा १९१० साली पुरा झाला आणि राजा त्यात जेमतेम सहा वर्षं राहिला, हेही सांगितलं. चहाचे पैसे त्या गृहस्थांनी देऊ दिले नाहीत.

मंडालेत लोकमान्यांची खूण शोधायला मी गेले होते, हे उघडच आहे. त्यांचा तुरुंग किल्ल्याच्या आत होता, आणि मी ज्या सरळ रस्त्याने चालले त्यावरून तसं काही दिसत नाही. पाटी नाही, दगड नाही. त्यामुळे जे माहीत होतं तेच मनात घोळवत चालावं लागलं. मंडालेच्या कोठड्या विटांच्या नव्हत्या, लाकडी गजांच्या होत्या. पुढे १९२५ साली सुभाषचंद्र बोसांनाही इथेच आणलं. त्यांनी या कोठड्यांचं वर्णन केलं आहे, की उन्हाळ्याची झळ, हिवाळ्याचा गारठा, पाऊस आणि धुळीची वावटळ यांपैकी कशालाही त्या गजांमधून अडसर नव्हता. टिळक बावन्न वर्षांचे होते, मधुमेही होते. बाहेरच्या जगाशी संबंध म्हणजे मोजकी पत्रं. १९१२ साली पत्नी सत्यभामाबाई गेल्या, ती बातमीही त्यांना इथेच कळली.

आणि याच जागी १९१०-११ च्या हिवाळ्यात, कार्तिक ते फाल्गुन, त्यांनी 'गीतारहस्य' लिहून काढलं. शाई-दौत मिळत नव्हती, म्हणून शिसपेन्सिलीने. सुटे कागद मिळत नव्हते, म्हणून पानांवर आकडे घातलेल्या बांधीव वह्यांत. सुटकेच्या वेळी वह्या सरकारने ठेवून घेतल्या आणि नंतर परत दिल्या, १९१५ साली पुस्तक निघालं. गजांच्या त्या कोठडीत बसून कर्माचं तत्त्वज्ञान मांडणारा माणूस मला पूर्वी पुतळ्यासारखा वाटायचा. मंडालेची ती कोरडी थंडी अंगाला लागल्यावर पहिल्यांदाच त्याचे गारठलेले हात डोळ्यांपुढे आले. किल्ल्यातलं सगळं जळालं. त्या वह्या बाहेर पडल्या होत्या.

टेकडीच्या पायथ्याशी कुथोडॉ पॅगोडा आहे. तो पाहताना मला या वह्याच आठवत होत्या. मिंदॉनला भीती होती की इंग्रज आले तर धर्मग्रंथ नाहीसे होतील. ताडपत्रं जळतात, वाळवी खाते. म्हणून त्याने सगळं त्रिपिटक संगमरवरावर कोरून घ्यायचं ठरवलं. १८६० साली काम सुरू झालं आणि १८६८ साली पुरं झालं. ७२९ शिळा, दोन्ही बाजूंनी कोरलेल्या, सुमारे दीड मीटर उंच, आणि प्रत्येक शिळेला स्वतःचं एक छोटं पांढरं देऊळ. त्यांच्या रांगांमधून चालताना चाफ्याची आणि बकुळीची सावली असते. अक्षरांत मुळात सोनं भरलेलं होतं. १८८५ नंतर इथे सैन्याचा तळ पडला, तेव्हा ते सोनं खरवडून नेलं गेलं. आता अक्षरं काळ्या शाईने भरली आहेत. सोनं गेलं तरी मजकूर तसाच राहिला, एकही ओळ त्यामुळे कमी झाली नाही. एक भिक्खू एका शिळेपुढे उकिडवा बसून वहीत काहीतरी उतरवून घेत होता. जगातलं सर्वांत मोठं पुस्तक म्हणून सगळे तिथे फोटो काढतात. मला मोठेपणापेक्षा राजाची काळजी जास्त भिडली. राज्य वाचवता येणार नाही हे त्याला कुठेतरी कळलं असावं, म्हणून त्याने वाचवता येईल ते वाचवलं.

महामुनीचं मंदिर शहराच्या दक्षिण अंगाला. ही मूर्तीसुद्धा बाहेरची, १७८४ साली बोदॉपया राजाच्या फौजेने पश्चिम किनाऱ्यावरचं आराकान राज्य जिंकून डोंगर ओलांडून आणलेली. आराकानच्या लोकांना त्याचं दुःख आजही आहे. मूर्तीच्या अंगावर भाविक सोन्याचा वर्ख लावतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या लावत आल्यामुळे चेहरा सोडून सगळं अंग गाठीगाठींचं झालं आहे. बोटभर नव्हे, वीतभर जाडीचं सोनं. बायकांना मूर्तीपाशी जायची परवानगी नाही. त्या खाली बसून हात जोडतात, वर्ख घेऊन घरच्या पुरुषाच्या हातात देतात. माझ्याही वाटचा वर्ख भावाने लावला. मला हे सलत राहिलं. माझ्या शेजारी बसलेल्या आजी तासभर डोळे मिटून पुटपुटत होत्या, त्यांच्याइतकी त्या मूर्तीच्या जवळ वर चढलेली कितीशी माणसं असतील?

हा वर्ख मंडालेच्याच एका वस्तीत तयार होतो. सोन्याची पातळ पट्टी बांबूच्या कागदांमध्ये घालून चामड्यात घट्ट बांधतात आणि उघड्या अंगाचे तरुण जड हातोड्यांनी ती ठोकत राहतात. वेळ मोजायला भोक पाडलेली करवंटी पाण्यात सोडतात. करवंटी भरून बुडाली की एक वेळ झाली. शेवटची ठोकणी तासन्‌तास चालते. तो बांबूचा कागद तयार व्हायलाच वर्षं लागतात. मागच्या खोलीत, दारं बंद करून, वारा न लागू देता मुली शिंगाच्या पट्टीने वर्ख उचलून चौकोन कापतात. श्वासानेही तो उडतो. त्या मुलींनी कापलेलं सोनं त्यांना स्वतःला मूर्तीवर लावता येत नाही, हे तिथे बसून पाहताना पुन्हा जाणवलं.

महामुनीच्याच आवारात एका साध्या दालनात काही कांस्यमूर्ती आहेत. दोन योद्धे, सिंह आणि तीन सोंडांचा ऐरावत. या मूळच्या कंबोडियातल्या अंगकोरच्या. १४३१ साली सयामी सैन्याने त्या अयुथयाला नेल्या, तिथून बर्मी राजाने पेगूला, पेगूहून आराकानच्या राजाने, आणि महामुनीबरोबर त्या इथे आल्या. चार लढायांतून चार राजांनी पळवलेले हे योद्धे आता लोकांचे वैद्य झाले आहेत. आपला जो अवयव दुखतो तो मूर्तीच्या अंगावर चोळायचा. त्यामुळे त्यांचे गुडघे आणि पोटं आरशासारखी लखलखतात.

आसपासच्या जुन्या राजधान्या एका दिवसात उरकतात म्हणून सांगतात. तसं करू नये. इन्वाला तरी निवांत जावं. नावेतून छोटी नदी ओलांडायची, पलीकडे घोडागाड्या उभ्या असतात. १३६४ साली वसलेली ही राजधानी अनेक वेळा सुटली आणि अनेक वेळा पुन्हा राजधानी झाली. १८३९ च्या भूकंपाने तिचा शेवट केला. आज तिथे केळीच्या बागा, भातखाचरं आणि मध्येच उगवलेल्या विटांच्या भग्न पॅगोड्यांचे सुळके. बगाया मठ २६७ सागवानी खांबांवर उभा आहे. आत लहान मुलांची शाळा भरली होती आणि गुरुजी पालथी मांडी घालून पृथ्वीच्या गोलाकडे बोट दाखवत होते. जवळच राणी मे नूने १८२२ साली बांधवलेला विटांचा मठ. लाकडी मठाचं रूप विटा आणि चुन्यात उतरवायची तिची हौस. जाड भिंतींच्या आत विलक्षण गारवा होता.

इन्वाच्या मोडलेल्या राजवाड्यातलं सागवान अमरापुराच्या ऊ बेन पुलाला लागलं. तौंगथामन तलावावर सव्वा किलोमीटर लांबीचा, १८५० च्या सुमाराचा हा पूल. पर्यटक सूर्यास्ताला येतात. आम्ही सकाळी गेलो, आणि तेच बरं झालं. भिक्खू, भाजीवाल्या, सायकल हातात धरून चालणारी माणसं, पुलाखाली कमरेएवढ्या पाण्यात गळ टाकून उभे असलेले कोळी. राजाच्या महालाचं लाकूड इतक्या लोकांच्या पायाखाली रोज कामाला येतं, याहून चांगलं त्याचं काय व्हायचं होतं?

मिंगुनला बोटीने तासभर. बोदॉपयाने १७९० साली जगातला सर्वांत मोठा पॅगोडा बांधायला घेतला. दीडशे मीटर उंचीचा बेत होता, पन्नासेक मीटरवर थांबला. त्या विटांच्या डोंगराला १८३९ च्या भूकंपाने वरपासून खालपर्यंत भेगा पाडल्या आहेत. त्याच्यासाठी ओतलेली नव्वद टनांची घंटा शेजारी टांगली आहे. तिच्या आत उभं राहून बाहेरून कुणी टोला दिला की आवाज कानांपेक्षा छातीत ऐकू येतो.

२८ मार्च २०२५ च्या दुपारी मंडालेजवळच्या, इरावतीपलीकडच्या सगाईं गावाजवळ ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. तीन हजारांवर माणसं गेली. शुक्रवार होता, नमाजाची वेळ होती, मशिदी भरलेल्या असताना कोसळल्या. इरावतीवरचा १९३४ सालचा जुना आवा पूल नदीत पडला. राणी मे नूचा विटांचा मठ भुईसपाट झाला. महामुनीचं मंदिर आणि किल्ल्याचा तट यांची पडझड झाली. भारतीय लष्कराने मंडालेत इस्पितळ उभारलं, त्याच्या बातम्या मी दिवसभर पाहत होते आणि प्रत्येक चित्रात त्या चहाच्या दुकानाचा रस्ता शोधत होते. देशात आधीच यादवी चालू आहे, सगाईंच्या भागात तर फारच. अशा ठिकाणी पडलेलं घर पुन्हा बांधायला माणसं कुठून येणार, हा प्रश्न तेव्हापासून मनातून जात नाही.

थिबाची कबर मायदेशी न्यावी, अशी इच्छा तिकडे अधूनमधून बोलून दाखवली जाते. २०१२ साली त्यांचे अध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला येऊन कबरीपुढे नतमस्तक झाले. २०१६ साली राजाच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली तेव्हा वंशज आले होते. पूर्वी कुणी मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, न्यावी, तो त्यांचा राजा आहे. आजही हक्क त्यांचाच आहे असं मी मानते. पण ज्या किल्ल्यातून त्याला बैलगाडीत घालून नेलं तो अजून बंदुकांच्या पहाऱ्यात आहे, त्याची प्रजा तंबूत झोपते आहे आणि आपल्याच सैन्याच्या विमानांना भिते आहे. अशा वेळी त्याला परत मागायला कोण येणार आणि कोणाच्या नावाने? ती माणसं स्वतः, आपल्या मर्जीने, मोकळेपणाने मागायला येतील तेव्हा रत्नागिरीने राजाला आनंदाने द्यावं. तोवर त्या कबरीची निगा राखणं आमच्याकडे आहे, आणि आम्हा रत्नागिरीकरांनी ती आजच्यापेक्षा बरीच चांगली राखायला हवी.